बाबालाल मिस्त्रींचं नेलकटर

“गाडी मिसिंग कवा मारते?” बाबालाल मिस्त्रींनी विचारलं.

“कधीही.”

“कधीही म्हंजे कवा?”

“म्हणजे... काही नेम नाही, उस्ताद. मारली तर आठवड्यात दोनदा, नाहीतर पंधरा दिवस गुण्यागोविंदानं चालते.”

“गारव्यात?”

“गारव्यातही, उन्हातही.”

“तुज्या हातात?”

“माझ्या हातात एकदाही नाही.” भरतेशने हे अशा थाटात सांगितलं, की जणू गाडीच्या तब्येतीचा दाखलाच दिला.

बाबालाल चहा पीत होते. बशीतला उरलेला घोट त्यांनी सावकाश संपवला.

“मग हितं कशाला आलास?”

भरतेश मगदूम कशाला आला होता, ते आपणच सांगितलेलं बरं. तो स्वतः सरळ सांगणाऱ्यातला नव्हता.

बिबीच्या खिंडीचा चढ जिथे सुरू होतो, तिथे रस्त्याच्या कडेला बाबालाल शिकलगारांची पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. चढावर ज्याची गाडी रडते, त्याला पाटी वाचायला सवड नसते, असं बाबालाल म्हणायचे. याच शेडमध्ये भरतेश चार वर्षं शिकला. त्याला आता चौदा वर्षं झाली. कोल्हापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, काचेची केबिन होती, लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर होता. वापरलेल्या डिझेल गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. नावही झालं होतं.

त्याच्या गाडीची खूण एकच. बॉनेट उघडलं की आतली एकूण एक वायर निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली दिसायची. एकदा ओढली की परत सैल होत नाही, अशी ती पट्टी असते. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेण्या आईने चोपून घालाव्यात, तसं सगळं जागच्या जागी. गिऱ्हाईक बॉनेटचे फोटो काढून पाहुण्यांना पाठवायचं. भरतेशला त्याचा फार अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

तशीच एक गाडी त्याने गुढीपाडव्याला हणबरवाडीच्या हेमलता इंगवल्यांना दिली.

हेमलताबाई एकोणपन्नास वर्षांच्या. नवरा गेल्यावर घरात त्या आणि नणंद हौसाक्का, दोघीच राहिल्या. हौसाक्काच्या किडन्या गेलेल्या, तिला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला कोल्हापूरला न्यावं लागायचं. एसटी दोन ठिकाणी बदलायची, आणि येताना हौसाक्का उभीसुद्धा राहू शकायची नाही. तेव्हा या बाई ड्रायव्हिंग शिकल्या. गाव हसलं. भावकीतला एकजण म्हणाला, आता बैलगाडी विकून विमान घ्या. बाईंनी कान बंद ठेवले आणि लायसन काढलं. मग शेजारचे तात्या सुतारही त्याच आजाराचे निघाले, म्हणून ते आणि त्यांची बायको मागच्या सीटवर येऊ लागले. हसणारं गाव आता मंगळवारी सकाळी हात वर करून त्यांना वाट द्यायला लागलं.

महिनाभर गाडी सरळ चालली. मग खिंडीत मध्येच हिसका मारायला लागली. मिसिंग म्हणतात ते हेच: इंजिनाचा एखादा ठोका चुकायचा, गाडी अंग काढून घ्यायची, परत सुरळीत व्हायची.

भरतेशने काही बाकी ठेवलं नाही. फिल्टर बदलला, टाकी धुतली. स्कॅनरने एकदा तिसऱ्या सिलेंडरचं नाव घेतलं, म्हणून त्यात डिझेल फवारणारा इंजेक्टर नवा घातला. वायर मीटर लावून तपासल्या. खिंडीत स्वतः एकटा तीनदा वर-खाली करून आला. गाडी घड्याळासारखी चालली.

तेव्हा तो हेमलताबाईंना म्हणाला, “ताई, गाडीत दोष नाही. तुमच्या पायात आहे. क्लच चुकतोय.”

आणि त्यांना ते पटलं. ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मागच्या शुक्रवारी खिंडीच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाने दोन ठोके खाल्ले आणि ते बंदच पडलं. मागे उसाचा ट्रक होता. गाडी हातभर मागे सरकली. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून जे शब्द वापरले, ते हौसाक्का अजून चवीने सांगते. हेमलताबाई सांगत नाहीत. त्यांनी त्या संध्याकाळी किल्ली भरतेशच्या हातात ठेवली. “चालवता येणाऱ्याला विका,” एवढंच म्हणाल्या.

आज मंगळवार. सगळ्यांना एकदा शेवटचं दवाखान्यात पोचवतो आणि गाडी ठेवून घेतो, म्हणून भरतेश स्वतः हणबरवाडीला आला होता. पायथ्याला शेड दिसली आणि त्याच्या मनात आलं, या पंचक्रोशीत बाबालाल मिस्त्रींचा शब्द कुणी खाली पडू देत नाही...

“तुम्ही फक्त एकदा सांगा, उस्ताद,” तो आता म्हणाला. “गाडीत दोष नाही, एवढंच. माझं नाव उगाच खराब व्हायला नको.”

बाहेरच्या बाकावर चौघं बसली होती. हेमलताबाई, हौसाक्का, तात्या सुतार आणि त्यांची बायको. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

बाबालाल उठले. भरतेशने लगबगीने बॉनेट उघडलं.

म्हातारा हात पाठीमागे बांधून दोन पावलं लांबच उभा राहिला. निळ्या पट्ट्या सकाळच्या उन्हात चमकत होत्या.

“देखणं हाय,” बाबालाल म्हणाले.

भरतेशची छाती फुगली.

“झाक आता.”

“आत हात नाही घालणार?”

“न्हाई.”

...

“ह्या गाडीला आजवर कुणाकुणाचा हात लागला?”

भरतेशने बोटांवर मोजलं. “पहिला मालक, एक कंत्राटदार. त्याचा ड्रायव्हर, तो तर महाआडदांड. मग पंपवाले, डिझेलची काय खात्री. आणि या ताई.”

“आनि?”

“आणखी कुणी नाही.”

बाबालालनी त्याच्या हाताकडे बघितलं. चार बोटं वर होती, अंगठा आत दुमडलेला होता.

“लॅपटॉप हितं ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “किल्ली बाईला दे.”

बाकावरून हेमलताबाई म्हणाल्या, “नको चाचा. मी सोडलं आता चालवायचं.”

“का गं, बाई?”

“पायात दोष आहे माझ्या.”

“कुनी सांगितलं?”

हेमलताबाईंनी भरतेशकडे बघितलं नाही. त्यांनी पदराचं टोक सारखं केलं. हौसाक्काने मात्र बघितलं, आणि नीट बघितलं.

“खिंडीच्या माथ्यापतोर चालव,” बाबालाल म्हणाले. “मग दे सोडून. म्या अडवनार न्हाई.”

मग ते भरतेशकडे वळले.

“तू मागं बस. तात्या आनि वैनीच्या मधी.”

“मी? उस्ताद, निदान पुढे...”

“आज तू मेकॅनिक न्हाईस. वझं हाईस.”

तात्या सुतार खोकल्यासारखं करून हसले.

“मिसिंग मारली, की गाडी थांबवायची. चाकांना म्होरनं-मागनं दगड. बॉनेट उघडायचं, बाजूला हुबं ऱ्हायचं. बाईला म्हनायचं, हँडब्रेक वडून ठेव आनि पयल्या गिअरात क्लच निम्मा सोड. गाडी हलनार न्हाई, पन इंजान जोर लावंल.”

“आणि मी काय करू?”

“बगायचं. वझं वडताना इंजान कसं बसतंय ते.”

एवढं बोलून त्यांनी कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक जुनं, गंजलेलं नेलकटर लटकत होतं. ते सोडवून त्यांनी भरतेशच्या तळहातावर ठेवलं.

“हे कशाला?”

“असू दे.”

भरतेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डिकीत त्याची परदेशी हत्यारांची पेटी होती, आणि म्हाताऱ्याने त्याला नखं कापायचं हत्यार दिलं होतं. तेही चार माणसांदेखत! पण चार वर्षांची सवय होती. त्याने ते खिशात टाकलं.

गाडी निघाली.

मधल्या जागेवर गुडघे छातीला लागतात, हे गाड्या विकणाऱ्या भरतेशला आज पहिल्यांदा कळलं. मांडीवर हौसाक्काची पाण्याची कॅन होती, एका बाजूला तात्यांची उशी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोची भाकरीची पिशवी.

“नीट धर ती कॅन,” हौसाक्का पुढून म्हणाली. “मला दिसाला मोजून पानी हाय. सांडलंस तर तुज्या वाटचं पिईन.”

पहिलं वळण गेलं. भरतेशची नजर हेमलताबाईंच्या पायावर होती. चूक पकडायचीच, असं ठरवून तो बघत होता. पाय क्लचवरून अलगद उठत होता, इंजिनाचा जोर चाकांना मिळाला की थांबत होता, मग पूर्ण सुटत होता. शिकवून देखील काहींना दहा वर्षांत असं जमत नाही. त्याने दुसऱ्या वळणावर परत बघितलं. परत तसंच.

त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या वळणाला चढ उभा होतो. हेमलताबाईंनी गिअर उतरवला. त्यांच्या मानेवर घाम आलेला मागून दिसत होता. पाच माणसांना घेऊन इंजिनाने जोर धरला, आणि...

ठक.

गाडीने अंग काढून घेतलं. परत जोर धरला. परत ठक.

“बघा,” हेमलताबाई म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. “आली माझी चूक.”

भरतेशने मांडीवरची कॅन सावरली. तो वझं होता.

गाडी कडेला थांबली. तात्यांच्या बायकोनेसुद्धा उतरून एक दगड आणला. भरतेशने बॉनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिला. “ताई, हँडब्रेक ओढून ठेवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच निम्मा सोडा.”

इंजिनाने जोर लावला.

रबराच्या पायांवर बसलेलं ते धूड मागच्या बाजूला कललं. तीन बोटं असेल, जास्त नाही. उभ्या गाडीत, रिकाम्या गाडीत ते एवढं कधीच कलत नाही. आणि ते कललं तशी वायरची एक वेणी ताठ झाली. तिचं एक टोक इंजिनावर, तिसऱ्या इंजेक्टरला वीज देणाऱ्या टोपीत होतं. दुसरं टोक गाडीच्या अंगाला करकचून बांधलेलं होतं. इंजिन ओढत होतं, गाडी सोडत नव्हती, आणि मधल्यामध्ये टोपी आपल्या जागेवरून दोऱ्याएवढी उचलली जात होती.

ठक.

क्लच दाबला, इंजिन सरळ झालं, टोपी जागेवर बसली. मीटर लावला असता तर सगळं ठणठणीत दिसलं असतं.

भरतेश त्या जागेकडे बघत राहिला.

तिथे एक निळी पट्टी होती.

कंत्राटदाराने बांधली नव्हती. त्याच्या आडदांड ड्रायव्हरने बांधली नव्हती. पाडव्याच्या आदल्या दिवशी, फोटो बरा यावा म्हणून, त्याने स्वतःच्या हाताने ती पक्कडीने शेवटच्या दातापर्यंत ओढली होती. आणि त्याला चौदा वर्षांपूर्वीची शेड आठवली. वायर बांधताना बाबालाल तिच्याखाली स्वतःची दोन बोटं घालायचे आणि म्हणायचे, आता आवळ. बोटं काढली की गाठ ढिली दिसायची, गबाळी दिसायची. इंजान जितं असतंय, त्येला हलायला जागा ठेव, असं ते म्हणायचे. भरतेशला तेव्हाही ते गावठी वाटायचं. स्वतःचं गॅरेज टाकल्यावर त्याने सगळ्यात आधी काही सोडलं असेल, तर ती दोन बोटं.

“काय सापडलं का?” आतून हेमलताबाईंनी विचारलं.

बॉनेट उभं होतं. पलीकडे काय आहे, कुणालाच दिसत नव्हतं.

आता हे खरं सांगायला हवं, की भरतेशच्या तोंडात उत्तर तयार होतं. जुनी वायर होती ताई, पहिल्या मालकाचं काम. एवढं म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पट्टी खिशात गेली असती, नाव शाबूत राहिलं असतं. त्याने खिशात हात घातला आणि हाताला नेलकटर लागलं.

...

एक जीप वर गेली.

पट्टी तुटायला वेळ लागला. नेलकटरचा जबडा छोटा, दर खेपेला कणभर कातरला जायचा. पेटी दहा पावलांवर डिकीत होती. त्याने ती आणली नाही. मग त्याने टोपी घट्ट बसवली आणि वायर खिशातल्या चिकटपट्टीने परत बांधली, खाली दोन बोटं घालून. बोटं काढली. गबाळं दिसत होतं.

“परत निम्मा सोडा, ताई.”

इंजिन कललं. वायर त्याच्याबरोबर आरामात गेली आणि आली. ठोका चुकला नाही.

त्याने बॉनेट बंद केलं आणि तुटकी निळी पट्टी हातात घेऊन तो हेमलताबाईंच्या खिडकीशी गेला.

“ताई, ही मी बांधलेली. हिच्यामुळे होत होतं.”

त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

“आणि माझा पाय?”

“तुमचा पाय बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मी खोटं बोललो... नाही, मला खोटं वाटलंच नाही. ते जास्त वाईट. माझं चुकलं, ताई.”

हेमलताबाईंनी मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. साधी रबरी चप्पल, टाचेला झिजलेली. चार दिवस त्या या पायावर रागावल्या होत्या. रात्री झोप येईना तेव्हा अंथरुणात पाय हलवून क्लच घोटत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“चार दिस माज्या वैनीनं भाकरी नीट खाल्ली न्हाई,” हौसाक्का म्हणाली. नेहमीची थट्टा त्यात नव्हती.

भरतेशने मान हलवली.

“बसा,” हेमलताबाई शेवटी म्हणाल्या. “माथ्यावर उतरा. पुढं तात्यांना पाय पसरायला जागा लागते.”

गाडी एका दमात माथ्यावर गेली. तिथे तो उतरला. किल्लीचा विषय कुणी काढला नाही. हेमलताबाईंनी आरशात बघितलं, हात बाहेर काढून इशारा केला आणि गाडी कोल्हापूरच्या उताराला लागली. डिकीतली आपली पेटी गाडीबरोबर गेली, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

तो एसटीने खाली आला.

शेडमध्ये बाबालाल एका ट्रॅक्टरची क्लचप्लेट घेऊन बसले होते. लॅपटॉप होता तिथेच होता. त्यावर चहाची बशी ठेवलेली होती.

भरतेशने नेलकटर आणि निळी पट्टी समोर ठेवली. म्हाताऱ्याने नेलकटर उचलून जुडग्यात अडकवलं. पट्टीला हात लावला नाही.

“तुम्हाला बॉनेट उघडल्या उघडल्या दिसलं होतं,” भरतेश म्हणाला.

बाबालाल प्लेट पुसत राहिले.

“मग इथंच का नाही कापलीत?”

“म्या कापली असती, तर बाईला तू काय सांगितलं असतंस?”

...

भरतेश जमिनीवर बसला. शिकत असताना बसायचा तिथेच, टायरच्या थप्पीला टेकून. ऊन शेडच्या आत आलं.

“उस्ताद.”

“हं.”

“अशा बांधलेल्या साठएक गाड्या दिल्यात मी. आज रस्त्यावर आहेत. कोण कुठल्या घाटात असेल...”

“बोलव माघारी.”

“सगळ्यांना?”

बाबालालनी वर बघितलं नाही.

“बोलावतो,” भरतेश म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, “पण काय सांगून बोलावू?”

म्हाताऱ्याने प्लेट बाजूला ठेवली, लॅपटॉपवरची बशी उचलली, आणि लॅपटॉप शर्टाच्या बाहीने पुसून त्याच्या मांडीवर दिला.

“सांग, गाडीत दोष न्हाई. माज्या हातात हाय.”